आधी टेकू, मग कॅमेरा

उजवा हात गेल्यावर मी काढलेला पहिला फोटो माझ्याच नाकाचा होता. आडवं पडून डाव्या हातात मोबाईल धरला होता आणि अंगठा कसाबसा वाकवून स्क्रीनवरच्या पांढऱ्या गोळ्यापर्यंत न्यायची खटपट चालली होती. मोबाईल सटकला आणि थेट तोंडावर आपटला. आपटता आपटता क्लिक झालं. फोटोत एक नाकपुडी, थोडी मिशी आणि पंख्याचं एक पातं. अजून जपून ठेवलाय.

त्याआधी मी लग्नाच्या ऑर्डरी घ्यायचो. मग बाईकवरून पडलो आणि खांद्याकडून हाताला जाणाऱ्या नसा मानेपाशीच तुटल्या. हात जागेवर आहे, पण हलत नाही. चालताना तो खिशात अडकवून ठेवावा लागतो आणि रात्री भाजल्यासारखा दुखतो. लग्नाच्या ऑर्डरी बंद झाल्या. फोटो मात्र पूर्वीपेक्षा जास्त काढतो. या काळात स्वतः ठेचकाळत जे शिकलो, आणि व्हीलचेअर वापरणारा माझा मित्र आणि नजर जवळजवळ गेलेली माझी मावशी यांच्याकडून जे शिकलो, ते इथे क्रमाने लिहितोय. तुमची अडचण वेगळी असेल. जे लागू पडेल ते घ्या.

पहिलं काम: आठवडाभर फक्त वहीत लिहा

कॅमेरा कोणता घ्यावा, हा प्रश्न लोक सगळ्यात आधी विचारतात. तो सगळ्यात शेवटी विचारायचा. आधी आठवडाभर एक साधी नोंद ठेवा. दुखणं कोणत्या वेळी कमी असतं? हातात पाव किलोची वस्तू किती मिनिटं धरता येते? बसल्या जागी मान कुठवर वळते? कोणतं बोट नक्की हलतं? गोळी घेतल्यावर किती वेळाने डोकं जड होतं?

माझ्या वहीत निघालं की सकाळी सात ते नऊ हा माझा बरा वेळ आहे आणि मोबाईल हातात धरून मी सहा मिनिटं टिकतो. म्हणजे मला सकाळच्या तिरप्या उजेडाचा फोटोग्राफर व्हायचं होतं, आणि सहा मिनिटांनंतर मोबाईल कशावर तरी टेकवायचा होता. मित्राची नोंद निराळी होती. व्हीलचेअरवर बसल्यावर त्याचे डोळे जमिनीपासून साधारण चार फुटांवर येतात. आधी त्याला याचा राग यायचा. मग लक्षात आलं की लहान मुलांचे चेहरे, हातगाडीवरच्या भाजीचे ढीग, गाईचे डोळे हे सगळं बरोबर याच उंचीवर असतं. मुलांचे फोटो काढताना मी पूर्वी गुडघे टेकायचो. त्याला ते फुकटात मिळालंय.

दुसरं काम: टेकू

इथे जरा जास्त वेळ थांबतो, कारण निम्मे लोक इथेच हरतात. हात थरथरतो, फोटो हलतो, मग वाटतं की आपल्याला जमणार नाही. खरं तर फक्त टेकूची सोय झालेली नसते.

सगळ्यात स्वस्त टेकू म्हणजे धान्याची पिशवी. जुन्या जीनचा एक पाय गुडघ्याखाली कापा, एक टोक शिवून घ्या, त्यात किलोभर धान्य भरा आणि दुसरं टोकही शिवा. पूर्ण गच्च भरू नका, तीन चतुर्थांश बस. मोबाईल किंवा कॅमेरा त्यात दाबला की आपोआप खळगा पडतो आणि तो तिथे रुतून बसतो. खिडकीच्या चौकटीवर, मांडीवर, व्हीलचेअरच्या हातावर, गाडीच्या दारावर, कुठेही ही पिशवी चालते. मी पहिल्यांदा ज्वारी भरली. दोन महिन्यांत पोरकिडे झाले आणि आईने पिशवी कॅमेऱ्यासकट अंगणात काढली. आता राजमा भरलाय, वर्ष झालं, अजून ठीक आहे.

दुसरा टेकू दोरीचा. ट्रायपॉडचा स्क्रू पाव इंची असतो, एका इंचात वीस आटे. हार्डवेअरच्या दुकानात 'दोन सुताचा बोल्ट' मागा. सहा एमएमचा बोल्ट दिसायला तसाच असतो, पण त्याचे आटे वेगळे. जबरदस्तीने फिरवलात तर कॅमेऱ्याचे आटे जातील. बोल्ट आखूड घ्या आणि वर एक-दोन नट चढवून ठेवा, म्हणजे तो चार-पाच मिलीमीटरच्या पुढे आत घुसणार नाही. बोल्टच्या डोक्याला पाच फूट सुतळी बांधा. तिचं दुसरं टोक पायाखाली दाबा आणि कॅमेरा वर ओढून दोरी ताणून धरा. ताणामुळे वरखाली होणारा हात एकदम शांत होतो. पाय हलत नसतील तर दोरी व्हीलचेअरच्या पायठेवणीला बांधा. मोबाईलसाठी आधी एक साधा होल्डर घ्या, त्याला खालून हाच स्क्रू बसतो.

कुबडी किंवा काठी वापरत असाल तर तिसरा पाय तुमच्याकडे आहेच. सायकलला लावतात तसला मोबाईल होल्डर काठीच्या मुठीखाली आवळून बसवा. फक्त एक पथ्य पाळा: ज्या काठीवर अंगाचा भार आहे, तिच्यावर कॅमेरा नको. मी एकदा एका मित्राच्या कुबडीवर हा प्रयोग केला. फोटो बघायला तो वाकला आणि दोघेही खाली बसलो.

व्हीलचेअर असेल तर नळीला पकडणारा क्लॅम्प आणि वळणारा दांडा लावता येतो. ब्रेक लावल्याशिवाय फोटो काढू नका. बॅटरीवरची खुर्ची असेल तर आधी ती बंद करा, नाहीतर कोपर लागून खुर्ची चालू पडते. आणखी एक गोष्ट, जी फोटोग्राफी शिकवणारे सांगत नाहीत: मणक्याच्या दुखापतीत कमरेखाली संवेदना नसते आणि फोटोच्या नादात माणूस तासभर एका जागी बसून राहतो. त्यातून बेडसोअर, म्हणजे दाबामुळे कातडीला पडणारी जखम, होतो. वीस-पंचवीस मिनिटांचा गजर लावा. वाजला की जसं तुम्हाला शिकवलंय तसं अंग उचला, वजन हलवा. उन्हात तापलेला मोबाईल बधिर मांडीवर ठेवू नका. चटका बसल्याचं कळतच नाही.

तिसरं काम: बटण

स्क्रीनवरचा गोळा विसरा. आवाज कमी-जास्त करायचं बटण बहुतेक सगळ्या मोबाईलमध्ये फोटो काढतं. वायरचा इअरफोन असेल तर बऱ्याच फोनांत त्याच्यावरचं आवाजाचं बटणही तेच करतं. मोबाईल पिशवीवर, वायर हातात आणि बटण तुमचं जे बोट चालतं त्याच्याखाली. बोट चालत नसेल तर हनुवटी, कोपर किंवा पायाचा अंगठा चालेल. वायर नको असेल तर ब्लूटूथचं छोटं रिमोट मिळतं. ते सुटं ठेवलं की हमखास हरवतं, म्हणून इलॅस्टिकच्या पट्टीने मनगटाला किंवा खुर्चीच्या हाताला बांधून टाका.

काहीच दाबता येत नसेल तर आवाज आहे. सॅमसंगच्या बऱ्याच फोनांत कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये आवाजाचा पर्याय सुरू केला की 'स्माईल' किंवा 'शूट' म्हटल्यावर फोटो निघतो. अँड्रॉइडवर 'व्हॉइस अ‍ॅक्सेस' आणि आयफोनवर 'व्हॉइस कंट्रोल' सुरू करून अख्खा फोन बोलून चालवता येतो. आपल्या उच्चारांची त्याला सवय होईपर्यंत थोडी करमणूक होते, ती सोसा.

हात थरथरत असेल तर तीन सेकंदांचा टायमर लावा. बटण दाबतानाचा धक्का फोटोत येत नाही. प्रो मोड (सेटिंग हाताने ठरवायची सोय) असेल तर शटर, म्हणजे उजेड आत घेण्याचा वेळ, 1/250 सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा. उजेड कमी पडला तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता, वाढवा. फोटो जरा दाणेदार येईल, येऊ दे. बटण दाबून धरून लागोपाठ दहा फोटो काढले तर त्यातला एखाद-दुसरा स्थिर निघतो. रात्रीच्या मोडला मात्र काही सेकंद स्थिर राहावं लागतं, तो टेकूशिवाय वापरूच नका.

मोठा कॅमेरा एका हाताने? जवळजवळ सगळे कॅमेरे उजव्यांसाठी बनतात. 1936 मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनमधून आलेल्या 'किने एक्झाक्टा' कॅमेऱ्याचं बटण डाव्या हाताला होतं. माझ्यासारख्यांचं दुर्दैव की ती रीत पुढे चालली नाही. एका दुकानात मी डाव्या हाताने चालेल असा कॅमेरा मागितला, तर काउंटरवरच्या पोराने माझ्या बायकोकडे बघून विचारलं, "यांना कशाला पाहिजे?" उपाय नंतर माझा मीच शोधला: कॅमेरा ट्रायपॉडवर उलटा टांगायचा. बटण खाली डावीकडे येतं, डावा अंगठा बरोबर पोचतो, आणि फोटो नंतर सरळ करता येतो. आताचे बरेच कॅमेरे वाय-फायवरून मोबाईलनेही चालतात, तेव्हा बटण कुठे आहे हा प्रश्नच उरत नाही. ब्रिटिश फोटोग्राफर जाइल्स डूली यांचे 2011 मध्ये अफगाणिस्तानात सुरुंगाच्या स्फोटात दोन्ही पाय आणि डावा हात गेला. ते पुन्हा कामावर परतले आणि युद्धाने मोडलेल्या माणसांचे फोटो काढत राहिले.

नजर कमी असेल तर

मावशीला आता उजेड-अंधार आणि ठळक कडा तेवढ्या दिसतात. तिची पद्धत अशी: ज्याचा फोटो काढायचा त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, मग सरळ दोन पावलं मागे यायचं, मोबाईल हनुवटीला टेकवायचा आणि म्हणायचं, "बोल काहीतरी." आवाज येतो तिकडे मोबाईल वळवायचा. आयफोनचा व्हॉइसओव्हर (स्क्रीन बोलून दाखवणारी सोय) फ्रेममध्ये किती चेहरे आहेत आणि ते कुठे आहेत हे बोलून सांगतो. अँड्रॉइडवर तसलाच टॉकबॅक सुरू केला की निदान कॅमेऱ्याची बटणं वाचून दाखवली जातात, आणि गुगलच्या पिक्सेल फोनांत चेहरा मध्ये आणायला बोलून मदत करणारी सोयही आहे.

अंधांनी फोटो काढायचे कशाला, असं कुणी विचारलंच तर स्लोव्हेनियाचे एव्गेन बाव्चार यांचं नाव सांगा. दोन अपघातांत लहानपणीच, बाराव्या वर्षापर्यंत त्यांची नजर पूर्ण गेली, आणि पुढे ते फोटोग्राफर म्हणून जगभर ओळखले गेले. अंधारात हातातल्या दिव्याने वस्तूवर उजेड 'रंगवायचा', ही त्यांची एक रीत. आपल्याकडे मुंबईत पार्थो भौमिक यांनी 2006 मध्ये अंध व्यक्तींना फोटोग्राफी शिकवायला सुरुवात केली. मावशी मात्र असल्या वादात पडत नाही. ती म्हणते, "मला नाही दिसत. तुम्ही बघा की."

चौथं काम: एकच खिडकी, एक महिना

बाहेर जाता येत नाही, ही बहुतेकांची पहिली तक्रार. यावर मला जोसेफ सुदेक आठवतो. 1896 मध्ये जन्मलेला हा चेक माणूस पुस्तकबांधणी शिकलेला. पहिल्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर जखमी झाला आणि उजवा हात खांद्यापासून काढावा लागला. एका हाताने बांधणी होईना, म्हणून तो फोटोग्राफीकडे वळला. आणि वळला तोही जड लाकडी पेटी-कॅमेऱ्यांकडे! प्राग शहरातल्या त्याच्या छोट्या स्टुडिओची एक खिडकी त्याने 1940 ते 1954 अशी चौदा वर्षं टिपली. काचेवरचं दव, बाहेरचं वाकडं झाड, चौकटीवर ठेवलेला पेला. मी त्याच्याकडून चौदा वर्षं नाही, एक महिना उसना घेतला.

तुमच्या पलंगावरून किंवा खुर्चीतून दिसणारी एक खिडकी निवडा. रोज तीन वेळा, सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला, टेकू न हलवता तिचा फोटो काढा. दिवसाला तीनच, जास्त नकोत. पहिले आठ दिवस कंटाळा येतो. मग उजेड दिसायला लागतो. पूर्वेच्या खिडकीतून सकाळी लांब सावल्या आत येतात, उत्तरेच्या खिडकीत दिवसभर मऊ, सारखा उजेड असतो आणि चेहऱ्यासाठी तोच सगळ्यात चांगला. फोटो खूप पांढरा येत असेल तर खिडकीच्या सगळ्यात उजळ भागावर बोट दाबून धरा. फोकस आणि उजेड तिथे बांधला जातो. मग शेजारी येणारं सूर्याचं चिन्ह खाली ओढा. खोली काळोखात जाते आणि खिडकीचे गज कोरल्यासारखे उभे राहतात.

माझ्या खिडकीला डासांची जाळी आहे. मोबाईल दर वेळी जाळीवर फोकस करायचा, बाहेरचा आंबा धूसर. आधी चिडलो. मग लेन्स जाळीला अगदी चिकटवली, तर जाळी गायब झाली आणि आंबा स्वच्छ आला. आणि एका पावसाळी संध्याकाळी मुद्दाम उलटं केलं. जाळीच्या चौकोनांत पाणी अडकलं होतं, काहीत होतं, काहीत नव्हतं. प्रत्येक भरलेल्या चौकोनात समोरच्या घराचा पिवळा दिवा उलटा दिसत होता. तो फोटो मी आजवर काढलेल्या सगळ्या नवरदेवांपेक्षा मला जवळचा आहे.

पाचवं काम: स्वतःचा फोटो

हे सगळ्यात अवघड. मी वर्षभर उजवा हात फ्रेमबाहेर ठेवत होतो. सुरुवात चेहऱ्यापासून करू नका, सावलीपासून करा. चारच्या उन्हात कुबडीची सावली तुमच्यापेक्षा लांब पडते. मग वस्तू घ्या: गोळ्यांची रिकामी पाकिटं, कॅलिपरचा (पायाला आधार देणाऱ्या सळ्यांचा) घासलेला पट्टा, बुटाच्या आतला खड्डा. मग तो अवयव. चेहरा सगळ्यात शेवटी, आणि नकोच वाटला तर नको.

ब्रिटिश फोटोग्राफर जो स्पेन्स हिने 1982 मध्ये स्तनाचा कॅन्सर कळल्यावर दवाखान्यातसुद्धा कॅमेरा सोडला नाही. डॉक्टरांच्या नजरेत आपण फक्त एक केस झालो आहोत, हे तिने स्वतःच्याच अंगाचे फोटो काढून दाखवलं. ते फोटो सुंदर नाहीत, त्यांत राग आहे. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडून लोकांची अपेक्षा एकच: हसायचं आणि प्रेरणा द्यायची. एका जिल्हा पातळीवरच्या स्पर्धेत माझा घाटाचा फोटो 'विशेष प्रोत्साहनपर' म्हणून लावला होता. फोटोखाली घाटाबद्दल एक शब्द नाही, माझ्या अपघाताची गोष्ट मात्र अर्धं पान. तेव्हापासून फोटो पाठवताना मी फक्त जागा, तारीख आणि वेळ लिहितो. तुम्हाला तुमची कहाणी सांगायची असेल तर जरूर सांगा, पण ती तुमच्या शब्दांत आणि तुमच्या इच्छेने.

एक सवय लावून घ्या: वाईट दिवशी फोटो काढा, पण पुसू नका. दुखत असताना सगळंच टाकाऊ वाटतं. निवड बऱ्या दिवशी करायची. मी रविवारी सकाळी आठवडाभराचे फोटो बघतो आणि त्यातले पाच ठेवतो.

बाहेर पडताना

जागा आधी फोनवर विचारून घ्या: पायऱ्या किती, सावली आहे का, बसायला काय आहे, संडास कुठे. वाईला ढोल्या गणपतीच्या घाटावर माझा मित्र खाली नदीपर्यंत जाऊ शकत नाही. तो वर खुर्ची लावतो आणि पायऱ्यांवरून उतरणाऱ्यांच्या पाठी टिपतो. ओले लुगड्याचे काठ, डोक्यावरच्या घागरी, पोरांचे धावते तळवे. मी खाली उतरतो आणि गर्दीच्या चेहऱ्यांत हरवतो. त्याचे फोटो चांगले येतात, हे कबूल करायला मला दोन वर्षं लागली.

मदतनीस बरोबर असेल तर कामाची वाटणी आधीच ठरवा. "तू धर, बटण मी दाबणार," हे वाक्य स्पष्ट म्हणा, नाहीतर माणसं प्रेमाने तुमचा फोटोच काढून देतात. अनोळखी माणसाचा फोटो काढायचा तर विचारा. मंडईत मी म्हणतो, "मावशी, एक फोटो काढू का?" त्यांचं उत्तर ठरलेलं, "माझा कशाला रे, त्या कोथिंबिरीचा काढ." मग कोथिंबिरीचा काढायचा. दुसऱ्या खेपेला त्या आपणहून पदर सारखा करतात. आपल्याला लोक टक लावून बघतात तेव्हा कसं वाटतं, हे आपल्याला चांगलंच ठाऊक आहे; तेच कॅमेऱ्यातून दुसऱ्याला करायचं नाही.

पैसे आणि कागद

मोबाईल, राजमा, बोल्ट आणि सुतळी यांवर वर्षभर काढा. त्यानंतरही मोठ्या कॅमेऱ्याची गरज वाटली तर सेकंडहँड घ्या, आणि विकत घेण्याआधी एक दिवस उसना मागून तुमच्या टेकूवर बसवून बघा. वजन दुकानात कळत नाही, अर्ध्या तासाने कळतं. फोटो सुधारायला गुगलचं स्नॅपसीड फुकट आहे. उजेड, कडा आणि काळा-पांढरा एवढं पुरतं.

दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड काढलं नसेल तर काढून घ्या, योजना आणि सवलतींसाठी तेच लागतं. ग्रामपंचायत, नगरपालिकेला आपल्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो नेमका कशावर खर्च झाला, हे अर्ज देऊन विचारता येतं आणि शिबिर किंवा साहित्य मागता येतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं 29 वं कलम सांस्कृतिक जीवन आणि मनोरंजन याविषयी आहे. अर्जात त्याचा उल्लेख करा. आमच्या इथे पहिला अर्ज हरवला. दुसऱ्याची पोच घेतली, तो अजून टेबलावर आहे.

महिन्याला एक फोटो कागदावर काढा, साधा चार बाय सहा. मोबाईलमधले फोटो मोबाईलबरोबर जातात. माझे मी भिंतीवर दोरी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी लावतो. चिमटा एका हाताने उघडतो, फ्रेमचा खिळा ठोकता येत नाही. नाकाचा फोटो पहिल्या चिमट्यावर आहे. आई झाडताना तो रोज उलटा करून ठेवते, आणि मी रोज सरळ करतो.